हेड घासण्यापूर्वी हिशेब करा

गॅरेज आणि लेथ मशीनच्या धंद्यात आपले पुष्कळ बांधव आहेत. जुन्या पेट्रोल गाडीचे हेड घेऊन ग्राहक येतो व म्हणतो, "थोडे जास्त घासा, पिकअप वाढू द्या." मागणी चुकीची नाही. परंतु थोडे म्हणजे किती, हे मोजल्याशिवाय मशीन सुरू करणे धोक्याचे आहे. आमच्या परिचयाच्या एका कारागिराने असेच अंदाजाने हेड उतरवले. गाडी काही दिवस जोरात पळाली, मग चढावर खडखडू लागली आणि अखेर पिस्टन जळाला. नवा पिस्टन त्याला पदरच्या पैशाने घालून द्यावा लागला. ग्राहक तुटला तो वेगळाच. म्हणून हा हिशेब आपण नीट समजून घेऊ.

पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, तिला पिस्टन वर असताना उरणाऱ्या जागेने भागले की कॉम्प्रेशन रेशो मिळतो. समजा, एका सिलिंडरची क्षमता 250 सीसी आहे. हेडची पोकळी, गॅस्केटची जाडी व पिस्टनवरची मोकळी जागा मिळून 30 सीसी भरते. तर 280 भागिले 30, म्हणजे रेशो 9.3 झाला. पोकळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ 36 चौरस सेंटीमीटर असेल, तर अर्धा मिलिमीटर घासल्याने 1.8 सीसी जागा कमी होते व रेशो 9.9 वर जातो. पूर्ण एक मिलिमीटर घासला तर तो 10.5 होतो.

पोकळी मोजणे अवघड नाही. व्हॉल्व्ह व प्लग बसवून हेड उलटे, सपाट ठेवावे. काठाला ग्रीस लावून भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी चिकटवावी आणि सिरिंजने रॉकेल मोजून भरावे. सर्व पोकळ्या सारख्या भरल्या पाहिजेत.

आता फायदा पाहू. शास्त्राच्या हिशेबाने रेशो 8 वरून 9 केल्यास इंजिनाची कार्यक्षमता 56.5 टक्क्यांवरून 58.5 टक्के होते, आणि 10 केल्यास 60.2. प्रत्यक्षात ती याहून बरीच कमी असते. म्हणजे प्रत्येक पायरीला लाभ घटतो, उष्णता व दाब मात्र वाढत जातात. मग प्लगची ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते. हेच नॉकिंग. इथेनॉलमुळे पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो हे खरे, पण म्हणून वाटेल तेवढे घासण्याची मुभा मिळत नाही.

घासल्यानंतरही काम संपत नाही. कॅमशाफ्ट हेडमध्ये असेल तर चेन किंवा बेल्टमुळे कॅमचे टायमिंग थोडे मागे पडते. व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. पिस्टनवर मऊ मातीचा गोळा ठेवून इंजिन हाताने फिरवावे व दबलेली जाडी मोजावी. डिझेलचे हेड सपाट असेल आणि पोकळी पिस्टनमध्ये असेल, तर घासून रेशो फारसा वाढत नाही, उलट व्हॉल्व्ह पिस्टनला भिडण्याची भीती असते.

कंपनीने ठरवून दिलेली हेडच्या उंचीची मर्यादा कधीही ओलांडू नये. किती घासले ते बिलावर लिहून द्यावे, म्हणजे पुढचा कारागीर फसणार नाही. ग्राहकाचे इंजिन ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. जेथे घासणे योग्य नाही, तेथे स्पष्ट नकार देणारा कारागीरच बाजारात टिकतो.