सीपॅपचा खर्च : मशीन कपाटावर जाण्याआधी

झोपेत श्वास अडकण्याच्या आजारासाठी चाळीस-पन्नास हजारांचं सीपॅप मशीन घ्यायचं आणि दोन महिन्यांत ते कपाटावर ठेवून द्यायचं, याहून महाग उपचार नाही. तरी बऱ्याच घरांत हेच घडतं. कारण विचारलं तर ‘जीव गुदमरतो’, ‘तोंड कोरडं पडतं’, ‘नळीतून पाणी येतं’, ‘लाइन गेली की भीती वाटते’ अशी उत्तरं मिळतात. यातल्या बहुतेक तक्रारींचा इलाज शंभर रुपयांपासून सहा-सात हजारांपर्यंत असतो आणि काहींना तर एक पैसाही लागत नाही. वर्धा जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. मशीन विकणारा बहुधा नागपुरात असतो. वर्ध्याहून ते ७५ किलोमीटर, आणि आष्टी किंवा हिंगणघाटच्या माणसाला नुसता मास्क दाखवून यायचं तरी अख्खा दिवस मोडतो. म्हणून घरी काय करता येतं आणि पैसे कुठं सोडायचे, हे आधीच माहीत असावं.

पुढच्या सगळ्या किमती साधारण आहेत. कंपनी, मॉडेल आणि दुकानाप्रमाणे त्या बदलतात. २०२५च्या सप्टेंबरात बऱ्याच वैद्यकीय उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दुकानदाराने जुना छापील भाव पुढे केला, तर बिलात कर किती लावलाय ते विचारा.

आधी तपासणी, मग भाडं, मग खरेदी

सुरुवात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचं आचार्य विनोबा भावे रुग्णालय इथल्या श्वसनविकार विभागाच्या ओपीडीतून करावी. घरी यंत्र लावून होणाऱ्या झोपेच्या तपासणीला बाजारात चार ते आठ हजार लागतात. रुग्णालयात रात्रभर झोपवून केलेल्या तपासणीला आठ ते पंधरा हजार किंवा त्याहूनही जास्त. अहवालात ‘एएचआय’ नावाचा आकडा पाहा. तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला, ते तो सांगतो. पाचच्या आत असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३०च्या वर तीव्र.

एकाच दाबावर चालणारं साधं सीपॅप २५ ते ४० हजारांत मिळतं. गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करणारं ऑटो सीपॅप ३५ ते ७० हजारांना, आणि श्वास घेताना व सोडताना वेगवेगळा दाब देणारं बायपॅप ५० हजारांपासून लाखाच्या पुढे जातं. कोणतं घ्यायचं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं हवं. ‘थोडे पैसे घालून बायपॅपच घ्या’ हा दुकानदाराचा सल्ला ऐकू नका. महिनाभर भाड्याने घेतलं तर तीन ते सहा हजार जातात, आणि माझ्या मते हे पैसे सगळ्यात सत्कारणी लागतात. मास्क सोसतो की नाही, कुठला बसतो, दाब झेपतो का, हे त्या महिन्यात कळतं. भाड्याची रक्कम पुढे किमतीतून वजा होईल का, तेही आधीच ठरवून घ्या.

दोन दुकानांच्या भावात चार-पाच हजारांचा फरक असेल, तर स्वस्तातल्याकडे लगेच वळू नका. घरी येऊन मास्क बसवून देईल का, पहिल्या महिन्यात मास्क बदलून देईल का, मशीन दुरुस्तीला गेलं तर बदली मशीन देईल का, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं बिलावरच लिहून घ्या. नागपूरहून माणूस एकदा बोलावला, तरी त्या फरकातला मोठा भाग भेटीच्या आकारातच जातो.

मास्क

मशीन फक्त हवेचा दाब तयार करतं. तो दाब घशापर्यंत पोचला, तर घसा उघडा राहतो. मास्कच्या कडेने हवा निसटली की दाब पडतो, घसा मिटतो आणि एएचआय पुन्हा चढतो. त्यामुळे बजेट ठरवताना मास्कला उरल्यासुरल्या पैशांत बसवू नका. नाकाचा मास्क तीन ते सात हजार, नाक-तोंड झाकणारा चार ते दहा हजार.

हवा निसटते म्हणून पट्टे करकचून आवळणं ही हमखास होणारी चूक. आवळलेला मास्क उलट जास्त गळतो, शिवाय नाकाच्या दांडीवर जखम करतो. मशीन सुरू करा, रोज झोपता त्याच कुशीवर आडवे व्हा, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा टेकवा आणि मग पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, जेमतेम ओढा. पट्ट्याखाली एक बोट जायला हवं. एवढं करूनही गळत असेल, तर बहुधा माप चुकलेलं असतं. बऱ्याच मास्कमध्ये नुसती सिलिकॉनची गादी मोठी-लहान करता येते. ती दीड ते तीन हजारांत येते, अख्खा मास्क घ्यावा लागत नाही. भरघोस मिशा असतील, तर नाकपुड्यांना टेकणारी उशीसारखी गादी त्यातल्या त्यात बरी बसते. रेसमेड कंपनीच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरपर्यंतची गळती चालण्याजोगी धरतात. तुमच्या मशीनची मर्यादा विक्रेत्याकडून लिहून घ्या.

मास्कच्या पुढच्या भागात बारीक छिद्रं असतात आणि त्यातून सतत हवा बाहेर येते. ही गळती नव्हे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. आवाज येतो म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली, तर ते धोक्याचं आहे. आणखी एक गोष्ट : काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाचे चाप असतात. रुग्णाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल, तर चुंबक नसलेलाच मास्क मागा.

गुदमरल्यासारखं होत असेल, तर आधी दिवसा सवय करा. टीव्ही पाहताना अर्धा तास नुसता मास्क लावून बसा, दोन-चार दिवसांनी मशीन सुरू करून बसा. ‘रॅम्प’ ही सोय चालू केली की दाब हळूहळू चढतो. यातल्या कशालाही खर्च नाही. सकाळी तोंड कोरडं पडत असेल, तर झोपेत तोंड उघडं राहतं. त्याला पाचशे ते दीड हजारांचा हनुवटीचा पट्टा मिळतो. पण नाक चोंदत असेल तर तो घेऊ नका, आधी नाकाचा उपचार करा, नाही तर पट्ट्याने त्रासच वाढेल.

पाणी, कूलर आणि मे महिना

हवेला ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायरच्या भांड्यात डिस्टिल्ड पाणीच घाला. आपल्याकडच्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने आठवडाभरात भांड्याच्या तळाला पांढरा थर चढतो आणि पाणी नीट तापत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी दिसायला तसंच असलं, तरी ते श्वासात जाणाऱ्या हवेसाठी नाही. औषधाच्या किंवा सर्जिकल दुकानातून लिटरला वीस-तीस रुपयांनी पाणी आणा. एखाद्या रात्री संपलंच, तर आरओचं पाणी उकळून गार करून चालवा, रोज मात्र नको. चढलेला थर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि नऊ भाग पाण्यात पंधरा मिनिटं भिजवला की सुटतो.

नळीतून चेहऱ्यावर पाण्याचे थेंब येतात, कारण मशीनमधून निघालेली उबदार ओली हवा वाटेत थंड होते. आपल्याकडे हे थंडीत होतंच, पण कूलरचा झोत थेट नळीवर येत असेल तर उन्हाळ्यातही होतं. पलंगाची बाजू बदला, मशीन गादीपेक्षा खाली ठेवा, नळीवर जुन्या सुती कापडाची खोळ शिवा. कूलरच्या दिवसांत खोलीत ओल असतेच, त्यामुळे ह्युमिडिफायर सगळ्यात कमी आकड्यावर किंवा बंद ठेवून पाहा. एवढं करून थांबलं नाही, तरच साडेतीन-चार हजारांची तापणारी नळी घ्या. मशीन कूलरच्या अगदी पुढ्यात ठेवू नका. ताटीतला भुसा आणि तुषार आत ओढले जातात.

उकाड्याचा मुद्दा विक्रेते सहसा सांगत नाहीत. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस दिलेली असते. मे महिन्यात दुपारी वर्ध्याचा पारा ४५च्या आसपास असतो आणि स्लॅबची किंवा टिनाची खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. दुपारी झोपतानाही मशीन लावत असाल, तर खोली आधी थंड करून घ्या आणि मशीन भिंतीला किंवा गादीला चिकटवू नका.

प्रवासाला निघताना भांडं आधी रिकामं करा. पाणी मोटारीत गेलं की सगळ्यात मोठी दुरुस्ती तीच असते, आणि वॉरंटी सहसा ती मान्य करत नाही.

कापूस घरात असेल तर

वेचणीपासून भाव मिळेपर्यंत कापूस घरातच ठेवणारी कुटुंबं जिल्ह्यात कमी नाहीत. हिंगणघाट, देवळी, पुलगावकडे जिनिंगच्या दिवसांत हवेतच तंतू असतात. मशीनमागचं फिल्टर अशा वेळी राखाडी होतं, हवा कमी पडते आणि आवाज वाढतो. लोक मोटार बिघडली म्हणून घाबरतात. फिल्टर शंभर ते अडीचशे रुपयांना मिळतं. एरवी महिन्या-दोन महिन्यांनी बदललं तरी चालतं, कापसाच्या हंगामात मात्र दर आठवड्याला पाहा. कागदी फिल्टर धुऊन परत लावू नका.

लाइन गेली तर

मास्क लावलेला असताना वीज गेली तर माणूस गुदमरत नाही. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये अशा वेळी आपोआप उघडणारी झडप असते, आणि नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. मास्क काढून ठेवायचा, एवढंच. हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

ह्युमिडिफायरसह मशीनला ५०-६० वॉट लागतात, त्याशिवाय २०-३०. म्हणजे रात्रीला अर्ध्या युनिटहून कमी. घरच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर एक पंखा आणि मशीन, एवढंच ठेवलं तर रात्र निघते. कूलर जोडला तर नाही. नवा इन्व्हर्टर घेणार असाल तर ‘प्युअर साइन वेव्ह’ मागा. बॅटरीसह तो साधारण १८ ते २८ हजारांत बसतो. सीपॅपसाठीची खास बॅटरी याहून महाग पडते, आणि ती प्रवास करणाऱ्यानेच घ्यावी.

वर्षाचा खर्च, जुनं मशीन आणि पैसे परत

वर्षाला मास्कची गादी, फिल्टर, पाणी, एक नळी आणि वीज मिळून साडेपाच ते साडेनऊ हजार धरा. गादी रोज ओल्या फडक्याने पुसा, आठवड्यातून एकदा सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. डेटॉल नको, कडक ऊन नको. ओझोनने ‘निर्जंतुक’ करणाऱ्या महागड्या डब्यांची गरज नाही.

जुनं मशीन अर्ध्या किमतीत मिळत असेल, तर ते किती तास चाललंय ते पडद्यावर पाहा. फिलिप्सने २०२१च्या जूनमध्ये पहिल्या पिढीच्या ड्रीमस्टेशनसह अनेक मॉडेल्स जगभरातून परत मागवली होती, कारण आतला आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. असं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका. वापरलेला मास्क तर कधीच नाही.

पोटात हवा भरणं, मास्क नीट असूनही एएचआय पाचच्या वर राहणं, मशीन लावूनही दिवसा गाडी चालवताना डुलकी येणं, या तक्रारी दुकानदाराच्या नाहीत. मशीनचं कार्ड किंवा मोबाइलमधला अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जा. दाब स्वतः वाढवू नका.

केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी आणि माजी सैनिक यांना सीजीएचएस व ईसीएचएस या आरोग्य योजनांमध्ये मशीनच्या खर्चाची तरतूद आहे. पुलगाव कॅम्पातून निवृत्त झालेल्यांनी तर ती आवर्जून पाहावी. मात्र मंजुरी खरेदीआधी घ्यावी लागते. खासगी विमा असेल, तर कंपनीकडून लेखी उत्तर मागा. वॉरंटीत असूनही विक्रेता दाद देत नसेल, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. त्यानेही झालं नाही, तर वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. सोबत मशीनचा क्रमांक असलेलं जीएसटी बिल, वॉरंटी कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी आणि विक्रेत्याशी व्हॉट्सॲपवर झालेलं बोलणं जोडा.