आवाज मधेच बारीक का होतो?

प्रश्न : माझ्या यजमानांची नजर काचबिंदूने हळूहळू गेली. आता ते लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरायला शिकलेत. मराठी बातम्या, मुलाची पत्रं सगळं व्यवस्थित ऐकतात. पण इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग ऐकताना मधेच एखादं अक्षर वेगळ्याच बारीक आवाजात येतं. दुकानदार म्हणाला, स्पीकर गेला असेल. दुसरं म्हणजे बँकेचा पासवर्ड त्यांच्याकडून सारखा चुकतो. कुठलं अक्षर कॅपिटल आणि कुठलं स्मॉल, हे न बघता कळणार तरी कसं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : स्पीकर अजिबात बदलू नका. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या बारीक आवाजातच आहे. अक्षर कॅपिटल आलं की एनव्हीडीए आवाजाची पट्टी चढवतो. तो तसाच बसवलेला असतो, पण हे कुणी सांगितलं नसेल तर यंत्र बिघडलं असंच वाटणार.

करून बघा. इंग्रजीत ‘पीएचडी’ लिहा, रीतीप्रमाणे पी आणि डी कॅपिटल, मधला एच स्मॉल. आता कर्सर सुरुवातीला नेऊन उजव्या बाणाने एकेक अक्षर पुढे चला. पी वरच्या पट्टीत येईल, एच नेहमीच्या आवाजात आणि डी पुन्हा वर. एकदा कान बसला की यजमान ते न विचारता ओळखू लागतील.

हे फक्त अक्षर-अक्षर वाचताना किंवा स्पेलिंग ऐकताना घडतं. सलग वाक्य वाचताना एनव्हीडीए कॅपिटलची दखल घेत नाही, आणि माझ्या मते हेच शहाणपणाचं आहे. इंग्रजी बातमीतल्या प्रत्येक नावाला आणि प्रत्येक वाक्याच्या आरंभाला आवाज उडी मारू लागला तर मजकुराकडे लक्ष कसं राहणार? जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्ये शब्द आणि ओळ वाचतानाही कॅपिटल जाहीर करण्याची सोय आहे. मुद्रितशोधन करणाऱ्याला ती उपयोगी पडते, बाकीच्यांना डोकेदुखी.

आता पट्टी किती चढावी ते तुमच्या हातात आहे. एनव्हीडीए की (इन्सर्ट, किंवा तशी निवडली असेल तर कॅप्स लॉक), कंट्रोल आणि व्ही एकत्र दाबलं की स्पीचच्या सेटिंग उघडतात. टॅब दाबत खाली गेलात की कॅपिटलच्या पट्टीचा टक्का सापडेल. मुळात तिथे 30 हा आकडा असतो. तो वजा 100 पासून 100 पर्यंत नेता येतो. शून्य केला तर फरक बंद, वजा केला तर कॅपिटल अक्षर चढण्याऐवजी खर्जात उतरतं. ज्यांना उंच स्वर नीट ऐकू येत नाहीत त्यांनी हा खर्जाचा प्रयोग जरूर करावा.

त्याच्याच शेजारी दोन चौकटी आहेत, दोन्ही मुळात बंद. एक टिकमार्क केली तर प्रत्येक कॅपिटलच्या आधी ‘कॅप’ असा शब्द ऐकू येतो. दुसरी केली तर आधी छोटासा बीप वाजतो, 2000 हर्ट्झचा, जेमतेम 50 मिलिसेकंदांचा. तिन्ही गोष्टी एकत्रही ठेवता येतात, पण मग अक्षर राहतं बाजूला आणि वाजंत्रीच फार.

यातलं काय निवडायचं? सरावलेले लोक स्क्रीन रीडर इतक्या वेगाने चालवतात की शेजारच्याला अक्षरही कळत नाही. त्यांना पट्टीच सोयीची, कारण तिला वेगळा वेळ लागत नाही. ‘कॅप’ हा शब्द दर वेळी थोडा वेळ खातो. पॅन क्रमांक घ्या : दहा जागा, त्यात सहा अक्षरं, सगळी कॅपिटल. स्पेलिंग ऐकायला गेलात तर सहा वेळा ‘कॅप’. तिथे अक्षरं कॅपिटलच असणार हे आधीपासून माहीत असतं, त्यामुळे ते नुसतं कंटाळवाणं. पण नव्याने शिकणाऱ्यासाठी, आणि पासवर्डसारख्या ठिकाणी जिथे एक चूक म्हणजे सगळं मुसळ केरात, तिथे मी शब्दाच्याच बाजूने आहे. पट्टीचा फरक कानाला निसटू शकतो, ‘कॅप’ निसटत नाही. यजमानांसाठी सध्या ती चौकट चालू करा आणि पट्टीचा आकडा शून्य करा. हात बसला की उलट करता येईल.

दोन अडचणी मात्र हमखास येतात. पहिली अशी, की मूळ आवाजच खूप वरच्या पट्टीत ठेवलेला असेल तर कॅपिटलला चढायला जागाच उरत नाही. पिचची मोजणी 100 वर थांबते. कुणाला फरक जाणवत नसेल तर आधी मूळ पिच थोडा उतरवून बघावा. दुसरी अडचण जास्त चकवणारी. एनव्हीडीए या तिन्ही निवडी प्रत्येक सिंथेसायझरसाठी (मजकुराचा आवाज करणाऱ्या प्रणालीसाठी) वेगळ्या साठवतो. म्हणजे ई-स्पीक वापरताना ‘कॅप’ चालू केलं आणि उद्या विंडोजचा आवाज निवडला, तर तिथे ‘कॅप’ बंदच असतं. सेटिंग आपोआप गेली अशी तक्रार अनेकदा ऐकू येते, ती बहुधा यामुळेच. नव्या सिंथेसायझरवर पुन्हा एकदा टिकमार्क करायचं, एवढाच उपाय.

मराठीत हा प्रश्न यजमानांना पडला नाही, कारण देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाहीच. इंग्रजीची पहिली आणि दुसरी लिपी आपण शाळेत वेगळी गिरवली, आणि संगणकाच्या लेखीही ती वेगळीच अक्षरं आहेत : कॅपिटल ए चा क्रमांक 65, स्मॉल ए चा 97. हे कानाने पडताळता येतं. अक्षरावर असताना अंकांच्या पॅडवरचं 2 एकदा दाबलं तर अक्षर, पटकन दोनदा दाबलं तर ‘अल्फा’, ‘ब्राव्हो’ अशी ओळख आणि तीनदा दाबलं तर तो क्रमांक ऐकू येतो. लॅपटॉपला वेगळं पॅड नसेल तर कीबोर्डची मांडणी लॅपटॉपची निवडून एनव्हीडीए की आणि पूर्णविराम दाबायचा. बी, डी, पी, टी यांच्यात गोंधळ होतो तेव्हा दोनदा दाबण्याची युक्ती फार कामाची. ज्यांनी ब्रेल शिकलंय त्यांना कॅपिटलच्या वेगळ्या खुणेचं नवल वाटणार नाही. इंग्रजी ब्रेलमध्ये कॅपिटलच्या आधी एकटं सहावं टिंब येतं, अख्खा शब्द कॅपिटल असेल तर तेच दोनदा. मराठीच्या ब्रेलला त्याची गरजच पडत नाही.

आता पासवर्ड. चुकण्याचं खरं कारण वेगळंच असण्याची शक्यता आहे. पासवर्डच्या चौकटीत टाइप करताना एनव्हीडीए अक्षर उच्चारत नाही, दर वेळी नुसतं ‘स्टार’ म्हणतो. शेजारी कुणी ऐकत असेल म्हणून ते योग्यच, पण मग वर सांगितलेल्या तिन्ही सोयी तिथे निरुपयोगी. त्यातून यजमान कॅप्स लॉकलाच एनव्हीडीए की म्हणून वापरत असतील तर आणखी एक गंमत होते. तशा मांडणीत ती की पटकन दोनदा दाबली की कॅप्स लॉक खरोखर चालू होतो. बोट घसरलं, दोनदा दाबलं गेलं आणि पुढची सगळी अक्षरं उलटी. त्या क्षणी ‘कॅप्स लॉक ऑन’ असं ऐकू येतं, पण घाईत ते हुकतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये एक चौकट आहे : कॅप्स लॉक चालू असताना शिफ्ट धरून स्मॉल अक्षर टाइप झालं तर बीप वाजवा. ती चालू आहे ना, हे बघून घ्या.

बँकेने पाठवलेला पासवर्ड ज्या मेलमध्ये आहे तिथे तो बाणाने अक्षर-अक्षर ऐकावा, इअरफोन लावून. टाइप केल्यावर खात्री करायची असेल आणि पानावर ‘शो पासवर्ड’चं बटण असेल, तर ते दाबून तिथेही तसंच ऐकता येतं. ईमेल पत्त्याची मात्र फार चिंता करू नये, तिथे व्यवहारात कॅपिटल-स्मॉलने काही अडत नाही. अडतं ते पासवर्डला आणि यूट्यूबच्या किंवा आखूड केलेल्या लिंकमधल्या त्या विचित्र अक्षरमालेला.

यजमान पुढे आयफोनकडे वळले तर तिथे सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग व्हॉइसओव्हर, मग व्हर्बोसिटी, त्यात कॅपिटल लेटर्स. शब्द, आवाज, पट्टी किंवा काहीच नको, असे हेच पर्याय तिथेही भेटतील.

प्रश्न : इंग्रजी हॅशटॅगमधल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करा, अंध वाचकांना सोपं जातं, असं आमच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना सांगण्यात आलं. खरं का? आणि मराठी हॅशटॅगचं काय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खरं आहे. हॅशटॅगमध्ये शब्दांच्या मध्ये जागा सोडता येत नाही. सगळं स्मॉल लिहिलं तर बोलणाऱ्या यंत्रापुढे एक लांबलचक शब्द येतो आणि ते त्याचा काहीतरी अगम्य उच्चार करून मोकळं होतं. मध्ये कॅपिटल आलं तर शब्द कुठे तुटतो याची खूण मिळते. डोळस माणसालाही तो हॅशटॅग पटकन वाचता येतो. शोधात काही फरक पडत नाही, दोन्ही रूपं एकच मानली जातात. सगळी अक्षरं कॅपिटल करू नका मात्र, कारण मग खूण पुन्हा नाहीशी होते आणि काही आवाज असा छोटा शब्द एकेक अक्षर सुटं करून वाचतात.

मराठीत कॅपिटल नसल्याने शब्दांच्या मध्ये खालची रेघ वापरा : #गणेशोत्सव_आमच्या_गल्लीचा असं. हॅशटॅग तुटत नाही, शब्द सुटे ऐकू येतात, आणि एनव्हीडीए त्याच्या मूळ सेटिंगवर असेल तर ती रेघ मोठ्याने उच्चारतही नाही.