एक गोळी, अनेक अवयव

छातींत कळ येतांच जिभेखालीं ठेवावयाची इवलीशी गोळी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं घरांतील वडील माणसांपाशीं पाहिली असेल. ती घेतली म्हणजे छाती मोकळी होते, पण डोकें ठणकूं लागतें. आणि मग "हें औषध मला मानवत नाहीं" असें म्हणून आजोबा ती बाजूला सारतात. एके ठिकाणची वेदना घालवून दुसरीकडे वेदना उत्पन्न करणारें हें औषध आहे तरी कसलें, याचा आम्ही येथें थोडा विचार करणार आहों.

त्याचें नांव नायट्रोग्लिसरिन. आपल्याकडे सॉर्बिट्रेट या नांवानें मिळणारी गोळीही त्याच कुळांतील. १८४७ सालीं इटलींतील तुरिन येथें आस्कानियो सोब्रेरो यानें हें द्रव्य प्रथम तयार केलें, आणि त्याचा लवमात्र अंश जिभेला लागतांच डोकें भयंकर दुखतें, असें नमूद केलें. पुढें आल्फ्रेड नोबेलनें त्यापासूनच डायनामाइट बनविलें. तेथील मजुरांचीं डोकीं सोमवारीं दुखत; कारण आठवडाभर शरीरास झालेली संवय रविवारच्या सुटींत मोडे. १८७९ सालीं लंडनच्या डॉ. विल्यम मरेल यांनीं हेंच द्रव्य अत्यल्प प्रमाणांत हृदयशूलावर दिलें. अखेरच्या दिवसांत खुद्द नोबेललाही डॉक्टरांनीं तेंच सुचविलें, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा!

रक्तवाहिन्यांच्या भिंतींत स्नायूंच्या बारीक पेशी असतात. त्या आंखडल्या कीं वाहिनी अरुंद होते, सैल पडल्या कीं रुंद. या औषधापासून शरीरांत नायट्रिक ऑक्साइड वायु निर्माण होतो व तो या पेशी सैल करितो. आपल्या रक्तवाहिन्या हाच वायु स्वतःही बनवितात. त्याच्या या कार्याच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व म्युराड यांस १९९८ सालीं नोबेलच्याच नांवाचें पारितोषिक मिळालें.

परंतु सर्वच वाहिन्या सारख्या रुंदावत नाहींत, आणि खरी गंमत येथेंच आहे. सर्वांत अधिक सैल पडतात त्या हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या पोटांतील व पायांतील शिरा. तेथें रक्त सांचून राहतें, हृदयाकडे कमी येतें, आणि दमलेल्या हमालाच्या डोक्यावरील ओझें उतरावें तसा हृदयाचा भार हलका होतो. हृदयाच्या मोठ्या धमन्याही रुंदावतात. अगदीं बारीक धमन्यांवर मात्र परिणाम थोडाच. औषध केवळ हृदयांतच काम करितें, हा समज त्यामुळें चुकीचा ठरतो. चेहऱ्याच्या वाहिन्या रुंदावल्या कीं तोंड लाल होतें; डोक्यांतील रुंदावल्या कीं तेंच तें ठणकणें. गोळी उभ्यानें घेतली तर रक्त पायांत उतरून घेरी येते, म्हणून ती बसूनच घ्यावी. गिळली तर यकृत तींतील बहुतेक औषध वाटेंतच नष्ट करितें, म्हणून ती जिभेखालीं ठेवावयाची.

तेव्हां आजोबांचें डोकें दुखणें हें औषध विषारी असल्याचें लक्षण नव्हे; छाती मोकळी करणारी क्रियाच तेथें डोक्यांत चालली आहे. त्रास फार होत असल्यास डॉक्टरांस सांगावें, ते प्रमाण कमी करूं शकतात. आपल्या मनानें गोळी सोडूं नये. आणि गोळी घेऊन पांच मिनिटांत कळ थांबली नाहीं, तर घरीं वाट पाहत न बसतां रुग्णालय गांठावें.