डब्यावरची बारीक अक्षरे



पहिल्या शीलाचा विचार करता करता आपल्यातील काही तरुण मंडळी मांसाहाराबरोबर दूध, तूप, मधही सोडू लागली आहेत. त्यांना पहिली अडचण येते ती दुकानात.

भारतात हिरवा ठिपका दिसला की पाकीट टोपलीत टाकायची आपल्याला सवय. बहरीनमध्ये ती कामाची नाही. येथे माल अनेक देशांतून येतो आणि त्यातल्या बहुतेक पाकिटांवर ठिपका नसतो. भारतातून आलेल्या पाकिटावर तो असला तरी त्याचा अर्थ ‘शाकाहारी’ एवढाच. दूध-तूप-मध त्यात चालते. व्हीगन पदार्थांसाठी भारतात २०२२ च्या नियमांनुसार वेगळे चिन्ह आहे. ‘हलाल’ शिक्क्याचा तर या प्रश्नाशी संबंधच नाही. हलाल जिलेटिनही जनावराच्या किंवा माशाच्या कातडी-हाडांचेच असते. मुलांच्या जेलीच्या गोळ्या, मार्शमॅलो, औषधाच्या कॅप्सूलचे कवच येथे ते हमखास सापडते.

म्हणून घटकांची यादी वाचावी, आणि ती शेवटाकडून वाचावी. अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी ‘कंटेन्स: मिल्क, एग’ अशी ओळ बहुधा तिथेच असते. तिच्यात दूध, अंडे, मासे कळतात. पण जिलेटिन, मध, किडे कळत नाहीत. त्यासाठी वर जावे लागते. ई१२० हा लाल रंग कोचिनील किड्यांपासून काढतात. ई९०१ म्हणजे मधमाश्यांचे मेण, ई९०४ म्हणजे लाख. ई४७१ वनस्पतीचेही असते, प्राण्याच्या चरबीचेही; नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही, कंपनीला विचारावे. न्याहारीच्या सिरियलमधले जीवनसत्त्व डी३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून येते, डी२ मात्र चालते. दूध तर वेश पालटून येते: व्हे, कॅसिनेट, लॅक्टोज. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या कॉफी पावडरीतही कॅसिनेट असते, हे मला सर्वांत मोठे ढोंग वाटते.

रस्त्यावर लेबल नसते, तिथे विचारणे एवढाच उपाय. करक चहा दुधाचाच. खब्बाजकडची साधी रोटी बहुधा पीठ, पाणी, मीठ, यीस्ट एवढ्याचीच. पण तिच्यावर तपकिरी पातळ चटणी फासलेली असेल तर ती महयावा, म्हणजे आंबवलेल्या माशांची. उकडलेले हरभरे (नखी) आणि बाकल्याच्या शेंगांचे दाणे (बाजिला) हे येथले जुने खाणे आपल्या उसळीच्या जवळचे. दूध हलीब, तूप सम्न, अंडे बैद, मध असल. ‘बिदून हलीब’ म्हटले की दुधाशिवाय. नाहीतर हिंदीवरही काम भागते.

आता ‘मे कंटेन मिल्क’ या ओळीविषयी. त्याच यंत्रावर दुधाचाही पदार्थ बनतो, एवढाच तिचा अर्थ. दूध मुद्दाम घातलेले नाही. कर्माच्या मुळाशी चेतना असते असे भगवान बुद्धांनी सांगितले. त्या दृष्टीने हे पाकीट टाळण्याचे कारण मला दिसत नाही. स्पर्शाने अन्न बाटते ही कल्पना आपल्याला परकी नाही, आपल्या आजी-आजोबांनी ती भोगली आहे. खाण्यावरून माणसाची पायरी कशी ठरवली गेली, गोमांस हे अस्पृश्यतेचे मूळ कसे ठरले, याची मांडणी डॉ. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये केली. लेबल वाचता वाचता तेच सोवळे मागच्या दाराने घरात येता कामा नये. मासे-मांस सर्व भिक्खूंना आजन्म वर्ज्य करावे ही देवदत्ताची मागणी बुद्धांनी मान्य केली नव्हती, हेही नव्या व्हीगनने ध्यानात ठेवावे. ज्याच्या ताटात सुकट आहे तो कमी धम्मी ठरत नाही.

सामूहिक भोजनाला मात्र एक सोय सहज करता येईल. आमटीला तेलाची फोडणी द्यावी आणि तूप वेगळ्या वाटीत ठेवावे, म्हणजे सगळे एकाच पातेल्यातून जेवतील.