लांबचा विमानप्रवास : घड्याळाचे तास आणि पायांचे तास

मुलगा अमेरिकेत आणि आईवडील इकडे, हे चित्र आता आपल्या जिल्ह्यातही नवे राहिलेले नाही. प्रवासापूर्वी तपासणीसाठी येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींना मी आधी विचारतो, "प्रवास किती तासांचा?" बरेच जण तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करून सांगतात आणि तिथेच हिशेब चुकतो.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. न थांबता जाणाऱ्या विमानाला साधारण १६ तास लागतात. वाटेत विमान बदलल्यास २० तासांहून अधिक. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. म्हणून मध्यरात्रीनंतर १ वाजता निघालेला प्रवासी तिथे त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतरतो. तिकिटावर साडेसहा तास दिसतात, पण पाय १६ तास लोंबत असतात.

चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात आणि पायातले रक्त हृदयाकडे ढकलतात. तासन्‌तास बसल्याने हे काम थंडावते. रक्त साकळून शिरेत गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालानुसार चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसात प्रमाण सहा हजारांत एक, म्हणजे घाबरण्याचे कारण नाही. मात्र पूर्वी गुठळी झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण व गर्भवती यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर भेटावे. हाच नियम एस.टी. आणि रेल्वेच्या लांबच्या प्रवासालाही लागू आहे.

विमानातील हवेचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका असतो. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर! त्यामुळे हृदयाच्या व दम्याच्या रुग्णांनीही आधी सल्ला घ्यावा.

मग काय करावे?

१. जागे असताना दर तासाला पावले वरखाली करावीत, अधूनमधून उठून चालावे.
२. पाणी थोडे थोडे पीत राहावे. शौचालयात जावे लागेल म्हणून तहान मारू नये.
३. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन किंवा झोपेची गोळी घेऊ नये.
४. औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी. इन्सुलिन मोठ्या सामानात टाकल्यास गोठून निकामी होऊ शकते.
५. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, परतताना आखूड होतो. मधुमेहींनी इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्याव्यात.

प्रवासानंतर काही आठवड्यांतही एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ती चोळू नये. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालय गाठावे. "प्रवासाचा शीण असेल" म्हणून अंगावर काढू नये.