एक साठा, अनेक संगणक

राजारामनगर येथे १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि तंत्रशिक्षण इस्लामपूर (आता ईश्वरपूर) परिसराच्या दारी आले. आज संगणक-कक्ष माध्यमिक शाळांतही दिसतात. तेथे प्रत्येक यंत्रात स्वतंत्र डिस्क असल्यास दुरुस्तीही प्रत्येकाची वेगळी करावी लागते. सर्व संगणक सर्व्हरवरील साठ्यातूनच सुरू करणे, हा त्यावरील एक उपाय होय. २००४ मध्ये प्रमाणित झालेली ‘आय-स्कझी’ पद्धत यासाठी उपयुक्त आहे.

या पद्धतीत सर्व्हरवर राखून ठेवलेल्या जागेस ‘टार्गेट’ म्हणतात. बटण दाबताच संगणक डीएचसीपी सेवेकडून स्वतःचा पत्ता, सर्व्हरचा पत्ता व टार्गेटचे नाव घेतो. मग सामान्यतः ३२६० क्रमांकाच्या पोर्टवरून सर्व्हरशी जोडला जाऊन ती जागा स्वतःचीच डिस्क असल्याप्रमाणे वापरतो.

येथे एक दक्षता अनिवार्य आहे. एकच टार्गेट दोन संगणकांना लिहिण्यासाठी खुले ठेवल्यास एकाने केलेली नोंद दुसऱ्यास कळत नाही; नोंदी एकमेकींवर पडून सारा साठा निरुपयोगी होऊ शकतो. म्हणून प्रथम एक आदर्श प्रत सिद्ध करावी, तिच्यावरून प्रत्येक संगणकासाठी वेगळे टार्गेट तयार करावे आणि ते त्याच संगणकाच्या नावास, संकेतशब्दासह, खुले करावे.

सर्व्हर थांबला तर संपूर्ण कक्ष थांबतो. यास्तव साठ्याची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. कोणत्या संगणकास कोणते टार्गेट दिले, याची नोंदवही मुख्याध्यापकांनी ठेवल्यास शिक्षक बदलले तरी कक्ष चालू राहील.