पंधरावा पर्सेंटाइल म्हणजे नापास नव्हे

मुलगी वर्षाची, वजन ७.९ किलो. फाइलवर ‘पंधरावा पर्सेंटाइल’ असं लिहिलेलं दिसलं की आईचा चेहरा उतरतो. ‘शंभरात पंधराच?’ असं आजीही विचारते. पण हे गुण नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या तक्त्यानुसार, याच वयाच्या शंभर निरोगी मुलींपैकी साधारण पंधराजणी हिच्याहून हलक्या भरतील, एवढाच त्याचा अर्थ. पन्नासावा पर्सेंटाइल ८.९ किलोचा, निम्म्या निरोगी मुली त्याखाली असणारच.

हिशेब अवघड नाही. एकाच वयाच्या वीस मुलींची वजनं चढत्या क्रमाने लिहा. तुमच्या मुलीहून सहाजणी हलक्या असतील तर ६ भागिले २०, गुणिले १००, म्हणजे तिसावा पर्सेंटाइल. मात्र तुलनेतल्या मुली बदलल्या की हा आकडाही बदलतो. म्हणून गल्लीतल्या गुटगुटीत बाळाशी तुलना नको. वरचा तक्ता भारतासह सहा देशांतल्या, चांगलं पोषण मिळालेल्या मुलांवरून केलेला आहे. आपल्याकडची मुलं दिल्लीतली होती. पाच वर्षांनंतर भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५चे तक्ते वापरतात.

आता दोन मुली घ्या. वर्षाच्या झाल्यावर दोघींचं वजन ७.९ किलोच. सहा महिन्यांची असताना पहिली ६.४ किलोची होती, म्हणजे तेव्हाही पंधराव्याच रेषेवर. ती तिच्या चालीने वाढते आहे. दुसरी तेव्हा ७.३ किलोची, पन्नासाव्या रेषेवर होती. तिचं वजन वाढलंय खरं, पण ती पन्नासावरून पंधरावर घसरली आहे. वरचं खाणं पुरेसं आहे का, वारंवार जुलाब किंवा संसर्ग होतो का, हे डॉक्टरांनी बघायला हवं ते हिच्या बाबतीत.

तेव्हा एका आकड्यावरून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. वजन शक्यतो त्याच काट्यावर, डायपर काढून करा. बाळ दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत त्याचं वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. रेषा खाली घसरत असेल किंवा वजन तिसऱ्या पर्सेंटाइलखाली असेल, तर टॉनिकची बाटली आणण्याआधी बाळाला दाखवा. येताना लसीकरणाचं कार्ड आणा. मागची वजनं त्यावर असतात.